पात्म ते लावदिकीया : सात मंडळ्यांच्या यात्रेची तयारी

बायबलमधल्या स्थळांची यात्रा म्हटली की यरुशलेम, बेथलेहेम आणि गालील समुद्र ही नावे आधी ओठांवर येतात. प्रकटीकरणाच्या पुस्तकाची भूमी मात्र त्या वाटेवर लागत नाही. योहानाला दर्शन झाले ते पात्म बेट आज ग्रीसमध्ये आहे. त्याने ज्या सात मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्या सगळ्यांची गावे तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत. यरुशलेम पाहून झालेल्या किंवा तिकडची परिस्थिती निवळण्याची वाट पाहणाऱ्या गटांनी या यात्रेचा जरूर विचार करावा. अंतरे बेताची आहेत, रस्ते चांगले आहेत आणि प्रकटीकरणाच्या दोन अध्यायांच्या आधाराने सगळी वाट चालता येते.

मात्र तयारी न करता गेलात, तर बसमधून उतरायचे, खांब पाहायचे, फोटो काढायचे आणि परत बसमध्ये चढायचे, एवढेच हाती लागेल. ही यात्रा पत्रांच्या क्रमाने करावी आणि प्रत्येक गावात तिथले पत्र मोठ्याने वाचावे. पुढची सगळी आखणी या दोन गोष्टींभोवतीच आहे.

क्रम पत्रांचाच ठेवा

इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया हा क्रम उगाच आलेला नाही. विल्यम रॅमसे या अभ्यासकाने १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की पात्मवरून निघालेला पत्रवाहक इफिसच्या बंदरात उतरून त्या काळच्या रस्त्याने निघाला, तर त्याला ही गावे नेमकी याच क्रमाने लागतात. आधी उत्तरेकडे पर्गमपर्यंत, मग आग्नेयेकडे वळून लावदिकीयापर्यंत. आजचे महामार्गही थोड्याफार फरकाने तसेच जातात.

बहुतेक सहल कंपन्या इस्तंबूल किंवा इझमीरपासून सुरुवात करतात आणि सोयीप्रमाणे गावे उलटसुलट फिरवतात. त्यांना सांगा, आम्हाला अथेन्समार्गे जायचे आहे. मुंबईहून अथेन्स, पिरेयस बंदरातून बोटीने पात्म, तिथून सामोस बेट, सामोसहून कुशादासी हे तुर्की बंदर, आणि जवळच सेल्चुक गावाला लागून इफिस. शेवटी देनिझली किंवा इझमीरहून इस्तंबूलमार्गे मुंबई. पात्मवर विमानतळ नाही. पिरेयसहून बोटीचा प्रवास रात्रभराचा असतो आणि उतरण्याची वेळ बऱ्याचदा आडनिडी असते. म्हणून बेटावर निदान दोन मुक्काम धरा. पहिला दिवस झोप भरून काढण्यात जातो.

इफिसहून निघून सातही गावे करून इझमीरला परत येईपर्यंत बसचा प्रवास साडेसहाशे-सातशे किलोमीटरचा होतो. पात्मचे दोन, सात गावांचे सहा-सात आणि जाण्यायेण्याचे तीन असे अकरा-बारा दिवस असतील, तर यात्रा धावपळीची होत नाही. आठ दिवसांत हे सगळे बसवून देतो असे कोणी म्हणाले, तर थुवतीरा आणि फिलदेल्फिया बसच्या खिडकीतून दाखवले जातील, हे समजून घ्या.

व्हिसा आणि कागदपत्रे

अथेन्समार्गे जाण्याचा आणखी एक फायदा व्हिसाचा आहे. भारतीय साध्या पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांचा वैध व्हिसा अथवा निवासाचा परवाना असेल, तरच तो ऑनलाइन काढता येतो. पात्मसाठी तुम्हाला शेंगेन व्हिसा लागणारच आहे. त्याच्या आधारे तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो.

इथे दोन ठिकाणी गट अडकतात. पहिली अडचण तारखांची. तुर्कस्तानात पाऊल ठेवता त्या दिवशी तुमचा शेंगेन व्हिसा वैध असायला हवा. म्हणून ग्रीसच्या मुक्कामापुरता मोजून व्हिसा मागू नका. मुदतीत ऐसपैस दिवस ठेवा आणि शक्यतो एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. दुसरी अडचण एकाच प्रवेशाची. भारतीयांना मिळणारा ई-व्हिसा एकदाच आत जाण्यासाठी असतो. आधी इझमीर, मग पात्म आणि पुन्हा इझमीर असा बेत केलात, तर परतीला बंदरावर अडकाल. आधी ग्रीस, मग तुर्कस्तान हा क्रम ठेवला की हा प्रश्न उरत नाही. नियम बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ते पुन्हा तपासा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला केंद्रावर जावे लागते आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अहिल्यानगर, जालना किंवा सोलापूरच्या गटाने मुंबई-पुण्याच्या फेरीचा वेळ आणि खर्च आधीच धरावा.

आपल्या समाजात नावांचाही घोळ असतो. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. विमानाचे तिकीट, विमा आणि व्हिसा या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव अक्षरन् अक्षर तसेच हवे. काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. तो आधी दुरुस्त करून घ्या. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने पासपोर्ट वैध हवा.

आधी मंडळीत बोलून घ्या

मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. त्यानंतर भारतातल्या अनेक सहल कंपन्यांनी तिकडच्या सहली थांबवल्या आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. तुमच्या मंडळीतही यावर दोन मते असतील. जायचे की थांबायचे हा निर्णय ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा आहे. पण आगाऊ रक्कम भरून झाल्यावर बसमध्ये हा वाद नको. पहिल्याच सभेत विषय काढा, परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी सूचना वाचून दाखवा, आणि ज्यांना जायचे नाही त्यांच्या मताचा मान ठेवा.

गट वीस ते पंचवीस जणांचा असावा. एका बसमध्ये सगळे बसतात, सगळ्यांना नीट ऐकू येते आणि कोणी मागे राहिले तर लगेच कळते. तीन माणसांना तीन कामे वाटून द्या. पाळक किंवा फादर यांच्याकडे वाचन आणि प्रार्थना, दुसऱ्याकडे कागदपत्रे आणि पैसे, तिसऱ्याकडे औषधे आणि ज्येष्ठांची काळजी. सगळे ओझे पाळकांवर टाकलेत, तर ते इफिसच्या नाट्यगृहात वचन सांगण्याऐवजी हरवलेली बॅग शोधत बसतील.

निघण्यापूर्वीचे सात आठवडे दर आठवड्याला एक पत्र वाचा. सोबत प्रेषितांची कृत्ये १८ ते २० हे अध्याय, इफिसकरांस आणि कलस्सैकरांस ही पत्रे वाचून व्हावीत. दोन अध्यायांतली सातही पत्रे मोठ्या टायपात छापून छोटी पुस्तिका करा. उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि ज्येष्ठांना तर मुळीच नाही. प्रत्येक पत्र वाचण्याची जबाबदारी आधीच एकेका कुटुंबाला द्या. ज्याला वाचायचे आहे तो घरी चार वेळा वाचून येतो.

ऋतू कोणता

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये इफिसच्या संगमरवरी रस्त्यांवर सावली नसते आणि पारा अनेकदा पस्तिशीच्या वर जातो. हिवाळ्यात पाऊस असतो, शिवाय सामोस-कुशादासी बोटी तेव्हा फारशा नसतात, म्हणजे क्रमच मोडतो. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर बऱ्याचदा आपल्या ईस्टरनंतर येतो. त्या सप्ताहात पात्मवर पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग चौकात साकारतात. तो पाहण्यासारखा असतो, पण त्या दिवसांत राहण्याची जागा फार आधी धरावी लागते. रमजान ईद आणि बकरी ईदच्या सुट्ट्यांत तुर्कस्तानचे महामार्ग आणि हॉटेले भरलेली असतात. त्या तारखा टाळा.

कुठे काय पाहावे, काय वाचावे

पात्म : स्काला हे बंदर खाली आणि खोरा हे गाव डोंगरावर, प्रकटीकरणाची गुहा या दोहोंच्या मध्ये आहे. गुहेत मोठ्याने गाणे किंवा फोटो काढणे चालत नाही. पहिला अध्याय बाहेरच्या आवारात वाचा आणि आत शांतपणे जा. वरचा संत योहानाचा मठ १०८८ साली क्रिस्तोदुलोस या संन्याशाने स्थापला. गुहा, मठ आणि खोरा मिळून १९९९पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

इफिस : सेल्चुकजवळच्या या नगराला दोन दरवाजे आहेत. वरच्या दरवाजाने आत जाऊन खालच्याने बाहेर पडायचे, असे बसचालकाला आधीच सांगा. मग सगळी वाट उताराची होते. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग १९७०च्या दशकात पुन्हा उभारला आहे. सुमारे २५,००० माणसे मावतील असे नाट्यगृह हेच प्रेषितांच्या कृत्यांतल्या दंगलीचे ठिकाण. देमेत्रिय सोनाराने पेटवलेला जमाव इथेच घोषणा देत होता. मरियेच्या नावाच्या चर्चचे अवशेष जरा बाजूला आहेत, म्हणून बरेच गट ते चुकवतात. इ.स. ४३१ची इफिसची धर्मपरिषद तिथे भरली होती. अर्तमीचे मंदिर जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होते. आज दलदलीत एक खांब उभा दिसतो. पत्र वाचायला नाट्यगृहापेक्षा आयासुलुक टेकडीवरच्या संत योहानाच्या बॅसिलिकाचे आवार बरे. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात ती बांधली आणि परंपरेनुसार योहानाची कबर तिथेच आहे. गर्दीही कमी असते.

मरियेचे घर : वसईकडच्या कॅथोलिक गटांसाठी बुलबुल डोंगरावरचे हे ठिकाण यात्रेचा मोठा टप्पा असतो. सहावे पॉल, दुसरे जॉन पॉल आणि सोळावे बेनेडिक्ट हे तीन पोप इथे येऊन गेले आहेत. चर्चने मात्र या घराच्या खरेपणावर अधिकृत निर्णय दिलेला नाही. मुस्लिम भाविकही इथे मोठ्या संख्येने येतात. मिश्र गटातल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी बाहेर बसून बाकीच्यांची वाट पाहायला हरकत नाही. टीका मात्र नको.

स्मुर्णा : आजचे इझमीर, तुर्कस्तानातले तिसरे मोठे शहर. सातांपैकी हेच मोठे शहर म्हणून गजबजत राहिले. इ.स. १७८च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेला आगोरा शहराच्या मधोमध आहे. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास इथे हुतात्मा झाला. त्याच्या नावाचे कॅथोलिक चर्च पाहायचे असेल तर आधी वेळ ठरवावी लागते. रविवार इझमीरमध्ये येईल अशी आखणी करा आणि तिथल्या एखाद्या मंडळीबरोबर उपासनेला बसा. अल्पसंख्य असूनही विश्वास जपणाऱ्या माणसांना भेटल्यावर स्मुर्णाचे पत्र वेगळेच ऐकू येते. हे सातांतले सर्वांत छोटे पत्र आहे आणि त्यात एकही ठपका नाही.

पर्गम : आजचे बेर्गामा, इझमीरच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर. नगराचा मुख्य भाग उंच डोंगरावर आहे. वर जायला रोपवे आहे. उतारावरचे नाट्यगृह इतके खडे आहे की चक्कर येणाऱ्यांनी वरूनच पाहावे. झ्यूसची वेदी एकोणिसाव्या शतकात जर्मनांनी बर्लिनला नेली. डोंगरावर आज तिचा चौथरा आणि त्यावर वाढलेली झाडे दिसतात. पत्रातले सैतानाचे सिंहासन म्हणजे ही वेदी, असे मार्गदर्शक ठामपणे सांगतात. सम्राटपूजेचे मंदिर, असेही काही अभ्यासक म्हणतात. दोन्ही मते ऐका. हुतात्मा अंतिपाचे नाव ज्या पत्रात आहे, ते याच डोंगरावर वाचा. खालच्या गावातले लाल विटांचे प्रचंड मंदिर मुळात इजिप्शियन देवतांचे होते, पुढे त्याच्या आत चर्च झाले.

थुवतीरा : आजचे आखिसार. सातांतले सर्वांत लांब पत्र या गावाला आहे आणि पाहायला अवशेष सर्वांत कमी. बाजारपेठेच्या मधे कुंपण घातलेला एक चौक, एवढेच. म्हणून पुष्कळ गट ते गाळतात. गाळू नका. इथे सापडलेल्या शिलालेखांत रंगारी, कासार, चर्मकार अशा कारागिरांच्या संघांची नावे आहेत. फिलिप्पैत पौलाला भेटलेली जांभळ्या वस्त्रांची व्यापारी लुदिया इथलीच. धंदा टिकवायचा तर संघात राहायचे, संघात राहायचे तर मूर्तीपुढच्या मेजवानीला बसायचे, हा इथल्या विश्वासणाऱ्यांपुढचा पेच होता. नोकरी-व्यवसायात असेच पेच सोसणाऱ्या आपल्या तरुणांना बोलायला लावायचे असेल, तर हेच ठिकाण.

सार्दीस : सार्त गावाजवळ. क्रीसस राजाची ही राजधानी. अभेद्य म्हणवला जाणारा इथला किल्ला इ.स.पू. ५४६मध्ये पर्शियाच्या सायरसने आणि इ.स.पू. २१४मध्ये तिसऱ्या अँटायोकसने घेतला. दोन्ही वेळा पहारा गाफील होता. जागे राहण्याची ताकीद या गावालाच का, हे तो कडा पाहताना कळते. १९५८पासून हार्वर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या मोहिमेने इथे भव्य व्यायामशाळा आणि तिला लागून प्राचीन जगातले एक सर्वांत मोठे सभास्थान उजेडात आणले. अर्तमीच्या मंदिराच्या कोपऱ्यात एक चिमुकले चर्च आहे, तेही पाहा.

फिलदेल्फिया : आजचे आलाशेहिर, द्राक्षांसाठी प्रसिद्ध. घरांच्या दाटीत संत योहानाच्या चर्चचे विटांचे अजस्र खांब उभे आहेत. इ.स. १७च्या भूकंपाने हे गाव उद्ध्वस्त केले आणि पुढेही धक्के बसत राहिले. पत्रातले, मंदिरातला न ढळणारा खांब होण्याचे अभिवचन या खांबांखाली बसून वाचा. छोटेसे ठिकाण आहे, पण तेवढा वेळ इथे द्यायलाच हवा.

लावदिकीया : देनिझलीजवळ. इ.स. ६०च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता हे नगर स्वतःच्या पैशाने उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. आपल्याला कशाचीही गरज नाही ही वृत्ती इतकी जुनी. चौथ्या शतकातले मोठे चर्च २०१०मध्ये सापडले. काचेच्या पुलावरून त्याची फरसबंदी पाहता येते. क्षारांनी बुजलेले पाण्याचे नळही दिसतील. जवळच्या हिएरापोलिस नगराचे कढत पाणी इथे पोचेपर्यंत कोमट होई, अशी गोष्ट मार्गदर्शक रंगवून सांगतात. प्रत्यक्षात नगराचे मुख्य पाणी दक्षिणेकडून, देनिझलीच्या बाजूच्या झऱ्यांतून येत असे. हिएरापोलिसचे गरम झरे औषधी आणि कलस्सैचे पाणी गार, दोन्ही उपयोगाचे. मधले कोमट पाणी कुचकामी, असा अर्थ आज पुष्कळ अभ्यासक घेतात. गटाला दुपारी हिएरापोलिसजवळच्या पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणी चालवा आणि संध्याकाळी हे पत्र वाचा. चर्चा आपोआप होईल. हिएरापोलिसच्या टेकडीवर फिलिप्पाचे स्मारकमंदिर आहे, पण चढ दमवणारा आहे. कलस्सै अजून बहुतांश मातीखालीच आहे. टेकडीवर गवताशिवाय फारसे काही दिसत नाही.

भाकितांचा हिशेब मांडू नका

या यात्रेत एक वाक्य हमखास ऐकू येते. ज्या मंडळ्यांना ठपका मिळाला त्या नष्ट झाल्या, आणि ज्यांना मिळाला नाही त्या टिकल्या. ऐकायला सोपे आहे. इतिहास मात्र इतका सरळ नाही. इफिसचे बंदर नदीच्या गाळाने बुजले आणि समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला, म्हणून वस्ती हलली. ठपका नसलेली फिलदेल्फिया बायझंटाइन शहर म्हणून १३९०पर्यंत टिकली, पण तिलाही भूकंपाने सोडले नव्हते. आणि ठपका नसलेल्या स्मुर्णाचे ग्रीक आणि आर्मेनियन मोहल्ले सप्टेंबर १९२२मध्ये जळून खाक झाले. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३च्या लोकसंख्या अदलाबदलीत या भागातले ग्रीक ख्रिस्ती समाजच्या समाज उठून गेले. त्यांच्यापैकी कुणाच्या विश्वासात काय उणे होते, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सात मंडळ्या म्हणजे मंडळीच्या इतिहासाचे सात कालखंड, ही मांडणीही आपल्याकडच्या संजीवन सभांतून अनेकांनी ऐकलेली असते. तिच्यावर वाद घालायचा तर मुक्कामावर जेवणानंतर घाला. अवशेषांत उभे असताना पत्र जसे आहे तसे आधी ऐका. ज्यांना ते लिहिले, त्या माणसांना भाडे, धंदा, शेजारी आणि सम्राटाचे पूजक यांच्यात जगायचे होते. त्यांच्यासाठी ते पत्र त्याच आठवड्याचे होते.

प्रत्येक ठिकाणी असा क्रम ठेवा : मार्गदर्शकाची माहिती वीस मिनिटे, पत्राचे वाचन पाच मिनिटे, दहा मिनिटे कोणीही न बोलता बसणे, मग एक छोटी प्रार्थना. फोटो त्यानंतर.

तिथले नियम

तुर्कस्तानात परवानाधारक मार्गदर्शकच गटाला स्थळाची माहिती सांगू शकतो. पाळकांनी वचन वाचणे वेगळे आणि इतिहासाचे व्याख्यान देणे वेगळे. मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी आपला क्रम सांगून ठेवा. शांतपणे वाचन आणि प्रार्थना कोणी अडवत नाही. प्रभुभोजन, मिस्सा किंवा गायनाचा कार्यक्रम अवशेषांत करायचा असेल, तर कंपनीमार्फत आधी परवानगी घ्या. 'उपासना संगीत'मधली गीते बसमध्ये मनसोक्त गा. पत्रके वाटू नका; तुमचा व्हिसा पर्यटनाचा आहे आणि त्याचा त्रास तिथल्या मंडळ्यांना होतो.

अवशेषांजवळ काही जण हळूच जुनी नाणी दाखवतात. घेऊ नका. बहुतेक नकली असतात, आणि खरी निघाली तर तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे. आठवण म्हणून संगमरवराचा तुकडा उचलणेही त्यातच मोडते. मुलांना हे आधी बजावा.

पैसे

कंपनीशी ठरवताना एकूण रकमेपेक्षा तीत काय धरलेले नाही, ते लेखी विचारा. इफिसची उतारावरची घरे आणि मरियेचे घर यांचे शुल्क वेगळे असते. मोठ्या स्थळांचे दर परदेशी पाहुण्यांसाठी युरोत ठरतात. दोन बोटींची तिकिटे, बंदर शुल्क, दुपारची जेवणे, चालक आणि मार्गदर्शकाची बक्षिसी, गट कमी झाला तर वाढणारी रक्कम, कोणी आजारी पडून रद्द केले तर परतावा : हे सगळे कागदावर हवे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून प्रत्येकाच्या पॅनवर वेगळी पावती घ्या. मंडळीच्या खात्यात यात्रेचे पैसे मिसळू नका. स्वतंत्र खाते, दोघांच्या सह्या, आणि परतल्यावर छापील हिशेब. पाळकांचे तिकीट गटाच्या सवलतीतून येत असेल, तर तेही पहिल्याच सभेत सांगा. यात्रेनंतरची निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

प्रकृती, कपडे, जेवण

झिजलेला संगमरवर गुळगुळीत असतो. रबरी तळाचे वापरलेले बूट आणि टोकाला रबर असलेली काठी हवीच. गुडघेदुखी असलेल्यांनी निघण्याआधी दोन महिने रोज चालण्याचा सराव करावा. पर्गमच्या डोंगरावर वारा असतो. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. पात्मच्या मठात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मशिदीत बायकांना डोक्यावर ओढणी लागते. औषधे दोन बॅगांत विभागून ठेवा आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असू द्या.

जेवणाची काळजी नको. मसुराचे सूप, भात, भाजलेली वांगी, ऑलिव्ह, पनीर आणि ताकासारखे आयरान सगळीकडे मिळते. तिखटाशिवाय घास न उतरणाऱ्यांनी चटणी आणि चिवडा न्यावा.

परत आल्यावर

यात्रेचा खरा लाभ न गेलेल्यांनाही झाला पाहिजे. परतल्यावर सात रविवार ठरवा. दर रविवारी ज्याने जिथे पत्र वाचले, त्याने ते मंडळीपुढे पुन्हा वाचावे, दहा मिनिटे त्या ठिकाणाबद्दल सांगावे, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून विचारावे, की हे पत्र आज आपल्या मंडळीच्या पत्त्यावर आले असते तर त्यात काय लिहिलेले असते. महिला मंडळ, तरुण संघ आणि ज्येष्ठ या सगळ्यांना त्यात बोलू द्या.

पैसे जमायला वर्ष-दीड वर्ष लागेल. सात पत्रे वाचायला मात्र पासपोर्ट लागत नाही; ती येत्या रविवारपासून सुरू करा.